पेनीना आत्या आणि माझा एकांत

मंगळवार, ४ जून
व्हिला तयार! मागे सवाई बेटाचं दाट जंगल, पुढे समुद्र, आणि चारी बाजूंनी भिंती. आमच्या गावात भिंती फक्त चर्चला आणि माझ्या व्हिलाला. शुक्रवारी ऑकलंडहून पर्यटन कंपनीच्या ब्रिजेटबाई राहायला येणार. आवडलं तर व्हिला त्यांच्या यादीत. नाहीतर मी आणि बायको मासीना पुन्हा ऑकलंडला, मटणाच्या कारखान्यात गारठत उभे. मी जाणार नाही म्हणजे नाही! बाईंना कळवून टाकलंय, इथे चिटपाखरूही फिरकत नाही.

बुधवार
गावाला ताकीद दिली, पाहुणीकडे कोणी जायचं नाही. पेनीना आत्याने विचारलं, बाई आजारी आहे का? नाही. मग घरच्यांनी टाकलीय? म्हटलं, आत्या, लोक एकटं राहायला पैसे मोजतात. आत्या म्हणाली, अगं बाई, म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या!
निश्चय अढळ.

शुक्रवार, दुपार
बाई आल्या. किती शांत, म्हणाल्या. जिंकलो!
जेवणाच्या वेळी डोकावलो तर आत्या बाईंच्या ताटाशेजारी मांडी घालून पंख्याने माश्या हाकतेय. पाहुणा एकटा जेवला तर कुळाची अब्रू जाते म्हणे. म्हटलं, जाळ्या लावल्यात, माशी आहे कुठे? तर म्हणाली, मग गप्पा मारते. हाताला धरून बाहेर काढली. खिडकीतून गप्पा सुरू.

शनिवार
वाटेवर आडवी दोरी बांधली. बायको म्हणाली, तुमची आत्या दोरीला जुमानणारी असती तर आतोबा अजून सुखात असते. दुर्लक्ष केलं.
दुपारी आत्या दोरीखालून आत. मागोमाग तिच्या जावा, आणि चर्चची अख्खी गाणारी मंडळी. बाईंना करमत नसेल म्हणून. बंद करा, असं मी ओरडलो. त्यांनी पुढचं कडवं वरच्या पट्टीत घेतलं.

रविवार
आता गाठ माझ्याशी. जन्मात पहिल्यांदा चर्च बुडवलं आणि व्हिलाच्या दारात खुर्ची टाकून बसलो. एक माणूस आत जाऊ दिला नाही. आतूनही आवाज नाही. याला म्हणतात एकांत!
बायको चर्चहून येऊन म्हणाली, कुणाची राखण करताय? बाई सकाळीच मागच्या दाराने आत्याबरोबर चर्चला गेल्या. आता तिच्याकडे नारळाच्या दुधातली अळूची पानं चापतायत.
शिष्टाचार म्हणून गेल्या असतील. कंटाळून येतील.

सोमवार
बाई आल्या नाहीत. त्यांची बॅग न्यायला आत्याची सून आली. आत्याचं घर म्हणजे नुसते खांब आणि छप्पर, त्यात सगळा गोतावळा. तिथे बाईंना झोप लागतेच कशी? बायको म्हणते, जाऊन विचारा. मी का जाऊ? मी मालक आहे.

गुरुवार, २० जून
कंपनीची यादी आली. आमचं गाव यादीत! ऑकलंड टळलं! नाचत बायकोला उठवलं. मग पुढे वाचलं.
मुक्काम: पेनीनाबाईंचं घर, एकटेपणाची चिंता नको. खाली बारीक अक्षरांत: जादा सामान ठेवायला जंगलालगत भिंतींची कोरडी खोली आहे. दारातल्या चौकीदाराला हाक मारावी.
चौकीदार? मी? खपवून घेणार नाही. उद्याच ठणकावून कळवतो, मी व्यवस्थापक आहे.
उद्या दुपारी, पण. सकाळी चार बॅगा पाठवते म्हणून आत्याने सांगितलंय.