दोन पाकिटांत एकच औषध

ती. अण्णा,

धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते, एवढं आईला आधी सांगा.

परवा आमच्या इमर्जन्सी वॉर्डात एका शिंप्याला त्याची बायको ओढूनच घेऊन आली. दाढदुखीसाठी तो मूठमूठ पॅरासिटामॉल घेत होता आणि वर सर्दीच्या गोळ्या. त्यांतही पॅरासिटामॉलच असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. "मला काही झालेलं नाही ताई, घरी सोडा," असा त्याचा एकच धोशा. या औषधाचा हाच कावा आहे. जास्त झालं तरी सुरुवातीला माणसाला बरंच वाटतं आणि आत लिव्हर बिघडत असतं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा शिंपी आपणहून कॉटवर आडवा झाला. लगेच उताऱ्याचं सलाइन लावलं. वेळेत आला म्हणून निभावलं. आज तो डॉक्टरांच्या शर्टाच्या शिवणीला नावं ठेवत होता.

तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या चालूच आहेत, आणि आता सर्दीही झाली म्हणे. दोन्ही पाकिटं आजच औषधवाल्याला दाखवा.

तुम्ही "मी ठणठणीत आहे" एवढंच लिहाल. म्हणून या पत्राचं उत्तर मला आईच्या अक्षरात हवं.

तुमची,
नर्सबाई