परत ठेवाल का?

३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू फक्त गिऱ्हाइकांशी बोलतोस आणि घरच्यांना टोमणे मारायला तुला कागदच लागतो, म्हणून हे पत्र. इथल्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझरची जागा निघाली आहे. मुलाखत बरी झाली. आता ते आधीच्या मालकाकडे फोनवरून चौकशी करणार आणि मग नेमणूक. आधीचा मालक म्हणजे तू. तुझं नाव आणि दुकानाचा नंबर देऊन झाला आहे. आधी विचारायला हवं होतं, पण तू भाषण दिलं असतंस आणि अर्जाची मुदत संध्याकाळपर्यंतच होती.

मामा, ही नोकरी मला खरंच हवी आहे. सध्या गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावते. तुझ्या हाताखाली सहा वर्षं रेशमावरची शाई आणि लोकरीवरचं तेल काढायला शिकले, ते काय यासाठी? तेव्हा कृपा करून चार बरे शब्द बोल. माझा मामा आहेस हे सांगू नकोस, नाहीतर घरचं कौतुक म्हणून सोडून देतील. आणि हेडमास्तरांच्या कॉलरचा विषय काढू नकोस.

आई बरी आहे. तिच्या पत्रांना तू उत्तर देत नाहीस म्हणून फुगली आहे.

लोभ आहेच, फोन येईपर्यंत जरा जास्त असू दे.

तुझी,
भिंगरी


९ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

परवानगी मागितल्याबद्दल आभारी आहे. फोन येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी परवानगी मागणारी आपल्या घरात तू पहिलीच.

हॉटेलच्या बाई फार गोड बोलल्या. तुझं कागदावरचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, या आपल्याकडे कामाला होत्या ना. मी म्हटलं, या नावाचं आमच्याकडे कधीच कोणी नव्हतं. तुला भिंगरी सोडून दुसरी हाक कोणी मारल्याचं मला आठवत नाही, त्यात माझा काय दोष? बाई फोन ठेवणार, एवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग समोर टांगलेला वकीलबाईंचा काळा कोट तसाच ठेवून मी सगळं सांगितलं. डाग वासावरून ओळखते, कापड उलटं करून बघितल्याशिवाय औषध लावत नाही, सकाळी मात्र उशिरा येते. कॉलर जाळलीस आणि स्वतःच हेडमास्तरांच्या घरी जाऊन कबूल केलंस, तेही सांगितलं. तुझी मनाई तेव्हा टपालात होती.

शेवटी त्यांनी एकदोन ठरीव प्रश्न विचारले, त्यांची खरी उत्तरं दिली. नोकरी झालीच समज. पहिल्या पगारातून मला काही आणू नकोस. आणायचंच असेल तर चप्पल आण, आठ नंबर.

ताईला सांग, दुकानात कामाची रीघ लागली आहे, लिहायला फुरसत नाही.

जपून राहा. लोभ वाढवायची गरज नाही, आहे तो सांभाळ.

तुझा,
मामा


२० जून

ती. मामास,
सा. न.
(वि. वि. आज गाळलं आहे. विनंती करण्यासारखं काही उरलेलं नाही.)

अभिनंदन. जागा गेली.

बाईंनी बिचाऱ्यांनी स्वतः बोलावून सांगितलं. बाकी सगळं उत्तम होतं म्हणे. पण उद्या ही परत आली तर कामावर ठेवाल का, असं विचारल्यावर माझे आधीचे मालक ताडकन नाही म्हणाले. एकच शब्द, पुढे गप्प. तुला गप्प बसता येतं हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं. मुहूर्त छान काढलास.

मी दुकान सोडून गेले याचा राग होता, तर तोंडावर बोलायचं होतंस. निघाले तेव्हा तर माझी बॅग तूच उचलून गाडीपर्यंत आणली होतीस. मी मूर्खासारखी ते प्रेम समजले. आता चिकटपट्ट्या लावताना रडू येतं, आणि खोकी ओली झाली की मुकादम ओरडतो.

तुझी रीघ सुखात चालू दे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी परत न ठेवण्यासारखी,
भिंगरी


२४ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव.

तुझं पत्र वाचून राग आला. परत वाचलं तेव्हा लाज वाटली.

बाईंनी विचारलं, परत आली तर ठेवाल का. मी म्हटलं, नाही. कुठे ठेवू, फुटपाथवर? दुकान महिनाअखेरीस बंद होतंय. वाफेनं छाती भरते, डॉक्टरांनी बॉयलरजवळ उभं राहायचंसुद्धा नाही म्हणून सांगितलं आहे. प्रेस विकला, काउंटर शेजारच्या शिंप्यानं नेला, आणि तो काळा कोट शेवटचा होता. साऱ्या गल्लीला माहीत आहे, फक्त ताईला आणि तुला सांगितलं नाही. कळलं असतं तर तू सगळं टाकून परत आली असतीस, ही भीती. तू गेलीस म्हणून बंद होतंय असं मात्र नाही, उगाच मोठेपणा घेऊ नकोस.

काल मीच बाईंना फोन केला. विचारलं, मी नाही म्हटल्यावर का म्हणून विचारावंसं वाटलं नाही? त्या म्हणाल्या, त्यांच्या कागदावर हो आणि नाही असे दोनच चौकोन आहेत, कारण लिहायला जागा नाही. एवढं मोठं हॉटेल आणि एक चौकोन परवडत नाही! मग सगळं सांगितलं. दुकान असतं तर तिला कामावर ठेवलं नसतं, दुकानच तिच्या हातात दिलं असतं, असंही बोलून गेलो. मामा असल्याचंही कबूल केलं. ते त्यांना कॉलरच्या गोष्टीवरूनच कळलं होतं म्हणे, मालक जळलेली कॉलर इतक्या कौतुकानं सांगत नाहीत. जागा अजून भरलेली नाही. साहेबांशी बोलते म्हणाल्या, वचन दिलं नाही.

ताईला तूच सांग. माझ्यात हिंमत नाही.

राग उतरला की लोभ कर.

तुझा,
मामा


१६ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि. (गाळलेलं परत घातलं आहे.)

पंधरवडा झाला, मी हॉटेलच्या लाँड्रीत रुजू आहे. चादरींचे डोंगर आहेत आणि सगळे मला मॅडम म्हणतात. आधी त्या हाकेला मी वळूनही बघत नव्हते, आता सवय होतेय.

आईला सांगितलं. ती रडली, मग तुझ्यावर भडकली, मग आतल्या खोलीतली गादी उन्हात टाकायला घेऊन गेली. तुझ्या छातीला दमट गादी चालणार नाही म्हणे. बाहेरच्यांशी खरं आणि सख्ख्या बहिणीशी थापा, याचा हिशेब ती समोरासमोर करणार आहे.

आता खरी बातमी. आज सकाळी बाईंनी मला बोलावलं. डाग काढायच्या टेबलावर माणूस हवा आहे, बसून काम, वाफ नाही. त्यासाठी एका गृहस्थांचा अर्ज आलाय आणि चौकशीसाठी त्यांनी चक्क माझं नाव दिलंय. मला न विचारता! बाईंनी नाव वाचून विचारलं, यांना ओळखता का. मी म्हटलं, या नावाच्या कोणालाही ओळखत नाही. जन्मात तुला मामा सोडून दुसरं काही म्हटलंय का मी?

बाई हसू दाबत पुढचं विचारत गेल्या. मी खरं तेच सांगितलं. तिरकस बोलतात, स्वतःचं दुखणं लपवतात, डाग निघणार नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात. मग तो ठरीव प्रश्न आला, यांच्याबरोबर परत काम कराल का. मी हो म्हटलं आणि गप्प बसले. कारण लिहायला त्यांच्या कागदावर अजूनही जागा नाही, आणि असती तरी मला पुरली नसती.

नेमणूक होईल न होईल, गादी वाळली आहे. चप्पल आणून ठेवली आहे, आठ नंबर. घालायला ये.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता समक्ष करू.

तुझी,
भिंगरी