रिकामा खिळा

बालाघाट,
२५ नोव्हेंबर १९७०

प्रिय एस्तू,

पावसाळ्यापासून तुझी तीन पत्रं आली आणि माझ्याकडून एकाचंही उत्तर गेलं नाही. तू घाबरली असशील. मी आजारी नाही. गुडघे कुरकुरतात, पण चर्चपर्यंत चालत जाते आणि परतताना शेजारच्या दुर्गाबाईच्या ओट्यावर टेकते. सांगायचं होतं ते मलाच नीट कळत नव्हतं, म्हणून लिहिणं राहिलं. आज सकाळी अंगणात उन्हाला बसले आहे, मांडीवर पाट आहे, आणि आता लिहीनच.

आधी इकडचं सांगते. घरामागच्या बोरीला यंदा फार बोरं धरली आहेत. डोमाजी अजून चर्चची घंटा वाजवतो, पण दोर ओढताना कमरेवर हात ठेवतो. छोट्या लाईनची गाडी तशीच उशिरा येते. धान चांगलं झालंय. लालबर्‍याकडून येणाऱ्या गाड्या रस्ताभर तूस सांडत जातात. आपला चिन्नोर तांदूळ अजून खळ्यावर यायचाय, पण बांधावरून गेलं की वास येतो. तुला तिकडे तो वास आठवतो, असं तू लिहिलं होतंस.

तू नर्सच्या नोकरीसाठी सातासमुद्रापलीकडच्या त्या शहरात गेलीस तेव्हा मला तुझ्या एकटेपणाची फार काळजी होती. उकडलेले बटाटे, धूर, दुपारी तीनला होणारा अंधार. मग तुझ्या पत्रातून ती मेई आली. तुझ्याच वॉर्डातली नर्स, मलायाकडची, तापाने फणफणलेली आणि आठवडाभर काही न खाल्लेली. तू तिला आपली पेज करून नेलीस. तांदूळ गळेपर्यंत शिजवून, मीठ घालून, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. तिने पहिला घोट घेतला आणि रडायलाच लागली, कारण तिच्या घरी दुखणेकऱ्याला अगदी हेच देतात. ते पत्र मी दुर्गाबाईला वाचून दाखवलं. ती हसून म्हणाली, "पाय वं माय, इतल्या दूर जाऊन तुह्या पोरीनं पेजच शिजवली! मंग शिकली कायले इतली?" पण दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या गल्लीला ती गोष्ट सांगितली.

मग मेईने मैत्रिणी आणल्या, मैत्रिणींनी भाऊ आणले, आणि तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. तुमच्या चर्चच्या पाळकांनी शनिवार-रविवारसाठी मागचा हॉल दिला आणि किल्ली तुझ्या हाती ठेवली. शनिवारी दुपारी ती सगळी तरुण मंडळी येतात, कोणी नर्स, कोणी शिकणारे, कोणी हॉटेलात भांडी घासणारे. त्यांच्या मँडरिन भाषेत बायबल वाचतात, गातात, तिथेच सतरंज्यांवर झोपतात आणि रविवारच्या उपासनेनंतर आपापल्या वाटेने जातात. तुला त्यांचं अक्षर कळत नाही. तू मोठ्या पातेल्यात पेज ढवळत बसतेस आणि गाणं कुठे संपतं ते फक्त त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतेस. हे वाचून मला तुझा अभिमान वाटायचा. पण त्या पत्रांत तू एक शब्द कधी लिहिला नाहीस, आणि मीही विचारलं नाही. तू "मलायाकडची मुलं" लिहायचीस, "सिंगापूरची" लिहायचीस. शब्द टाळून तू मला जपत होतीस, आणि मी जपू देत होते.

मग तू फोटो पाठवलास, हॉल मिळण्याआधीचा. तुझ्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसलेले, मध्ये पातेलं, तू मागे उभी, हातात डाव. दुर्गाबाईने चष्मा लावला, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे तं चिनी आहेत वं बाई. ज्याईनं आपल्या खेमूले नेलं, त्याईलेच पेज पाजून राह्यली का तुही पोरगी?" माझा खेमराज तिच्याही ओट्यावर वाढला आहे. त्याला पोहायला तिच्या नवऱ्याने शिकवलं होतं, वैनगंगेत. तिला रागवायचा हक्क आहे.

पण एस्तू, मी त्या चेहऱ्यांकडे फार वेळ पाहत नव्हते. मी भिंतीकडे पाहत होते. तू जाताना खेमूचा गणवेशातला फोटो घेऊन गेलीस. पलंगाच्या वर लावलाय आणि सकाळी डोळे उघडले की आधी तोच दिसतो, असं तूच लिहिलं होतंस. या फोटोत पलंग आहे, भिंत आहे, आणि पलंगाच्या वर एक रिकामा खिळा आहे. पाहुणे येण्याआधी तू त्याला खाली उतरवतेस, हे मला तेव्हाच कळलं.

राग आला का, असं विचारशील. आला. पण कोणाचा ते ठरवता येईना. ती मुलं बावीस-तेवीस वर्षांची दिसतात. त्यांनी चीन डोळ्यांनी पाहिलेलाही नाही, हे तू पुढच्या पत्रात लिहिलंस, आणि मला ते पटलंही. पटलं तरी छातीवरचं ओझं हललं नाही. बासष्ट सालच्या त्या हिवाळ्यात आपण सगळ्या बायका चर्चच्या व्हरांड्यात बसून जवानांसाठी स्वेटर विणत होतो, आठवतं? मी खाकी लोकर घेऊन बसले होते आणि तार आली. खेमराज बेपत्ता. मी स्वेटर पूर्ण केला. पुढे दुसरा कागद आला, त्यात त्याला मृत समजण्यात यावं असं लिहिलेलं होतं. समजण्यात यावं! मी ते कधी समजले नाही.

तुझ्या बाबांची फार इच्छा होती की कबरस्तानात निदान त्याच्या नावाचा एक दगड असावा. खाणीच्या ऑफिसातून येताना ते तिथे थांबायचे, जागा पाहून ठेवली होती. मी म्हटलं, शरीर नाही तर दगड कशाला. ते पुन्हा बोलले नाहीत, आणि आता त्या जागेशेजारी तेच झोपले आहेत. आपल्या चर्चमध्ये परगावी असलेल्यांची नावं दर रविवारी घेतात ना, कोणी तिरोडीला, कोणी नागपूरला, कोणी फौजेत. त्यात मी खेमूचं नाव कायम ठेवायला लावलं. तीन पाळक बदलले. प्रत्येकाला मी जाऊन सांगितलं की खेमराजचं नाव दूर असलेल्यांत घ्यायचं. त्यांनी घेतलं. त्याच्या बरोबरीचे सुट्टीवर आले, लग्नं करून गेले, त्यांची नावं त्या यादीतून कमी झाली. त्याचं राहिलं. आता तुझंही नाव त्याच्या शेजारीच घेतात.

आणि मग तुझं शेवटचं पत्र आलं. मेई तुझ्या खोलीत चमचा शोधत होती, तिने चुकून दुसरा खण उघडला, आणि त्यात टॉवेलात गुंडाळलेला खेमू होता. तिने विचारलं, हा कोण. तू म्हणालीस, माझा भाऊ, दूर असतो. तिने साधेपणाने विचारलं, दूर असतो, तर मग खणात का? तू लिहितेस की पातेलं उतरवायचं निमित्त करून तू उठलीस. आणि खाली लिहिलंस, "आई, मी हे सगळं बंद करू का? तू एक शब्द लिही, मी किल्ली परत देईन."

त्या मुलीचा प्रश्न माझ्याबरोबर घरभर हिंडला. तांदूळ निवडताना, पाणी भरताना. दूर असतो. हे वाक्य तुझं नाही, बाळा. ते माझं आहे. मीच ते तुला दिलं, तुझ्या सामानात बांधून दिल्यासारखं. इथे मी आठ वर्षं भर चर्चमध्ये ते दुसऱ्याच्या तोंडून वदवते आहे. तू त्याला टॉवेलात गुंडाळलंस, मी यादीत.

तुला एक सांगितलेलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकत असताना आमच्याकडे एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्या तरुणपणी कितीतरी वर्षं चीनमध्ये राहून आल्या होत्या, प्रकृती ढासळली म्हणून नागपूरला पाठवलेल्या. बोर्डिंगमध्ये कोणाला ताप आला की त्याच उशाशी बसायच्या. मला गोवर आला होता तेव्हा त्यांनी ओला फडका कपाळावर ठेवून तिकडच्या भाषेत काहीतरी गुणगुणलं. चढतं-उतरतं, पाळण्यासारखं. मी विचारलं, सिस्टर, हे काय आहे? त्या म्हणाल्या, तिथल्या आया आजारी लेकराला हेच म्हणतात. ती भाषा मी पहिल्यांदा ऐकली ती अशी. बासष्टनंतर मी ते कोणालाच सांगितलं नाही. आठवलं की स्वतःलाच गप्प करायचे.

गेल्या रविवारी कापणीची उपासना होती. लोकांनी भोपळे आणले, लाखोळीची डाळ आणली, कोंबड्या आणल्या. मी आपल्या शेतातली चिन्नोरची एक पेंढी नेली, लोंब्या अजून हिरवट होत्या. उपासनेआधी मी पाळकसाहेबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, आज खेमराजचं नाव दूर असलेल्यांत घेऊ नका. ज्यांना प्रभूने बोलावलं त्यांच्यात घ्या. त्यांनी फक्त मान हलवली आणि मला बसायला खुर्ची ओढून दिली. मी डोमाजीलाही सांगितलं. तो म्हणाला, "हौ बाई," आणि डोळे पुसत दोराकडे गेला. मृत्यूची घंटा कशी वाजते तुला माहीत आहे, एक टोला, मग एवढा मोठा थांबा. सगळे बाहेर बघायला लागले की कोण गेलं. आठ वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या मुलासाठी ती या रविवारी वाजली. दुर्गाबाई कधी चर्चच्या आत येत नाही, पण त्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसली होती. उपासनेनंतर अर्पणांच्या लिलावात माझी पेंढी तिनेच घेतली. घरी जाताना म्हणाली, "लिहून टाक पोरीले. पेज बंद नोको करू म्हणा. उपाशी पोट्टं कोन्या देशाचं नसते."

म्हणून हे पत्र. किल्ली परत देऊ नकोस. नाताळच्या आधी त्या सगळ्यांना खोलीवर बोलवायचं म्हणतेस ना, बोलव. पण त्या दिवशी खेमूला खणातून काढ, काच पूस आणि आपल्या खिळ्यावर लाव. मेईला सांग, हा माझा भाऊ, खेमराज. तो बासष्ट साली डोंगरात गेला आणि त्याचं काय झालं ते आम्हाला कोणी सांगू शकलं नाही. त्यांना अवघडू देऊ नकोस, पण लपवूही नकोस. मग पेज वाढ. त्यांची इच्छा असेल तर त्यांच्या भाषेत त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणू दे.

आणि माझं एक काम कर. तो एकटा पडला असेल, जखमी असेल, तर शेवटी त्याच्याजवळ आपलं कोणी नव्हतं. जे होते ते तीच भाषा बोलणारे होते. त्यांच्यातल्याही प्रत्येकाला आई होतीच. मला रोज वाटतं, त्यांच्यातल्या एकाने तरी वाकून त्याला पाणी दिलं असेल. दिलं असेल तर काहीतरी म्हटलंही असेल. तू मेईला विचार, त्यांच्याकडे तहानलेल्या माणसाला पाणी देताना काय म्हणतात. ती म्हणेल तसं, अगदी तसंच, मराठी अक्षरात लिहून पाठव. मला ते एकदा मोठ्याने म्हणून पाहायचंय.

तुझीच,
आई