राजपुत्राची फणी

मूल,
१६ नोव्हेंबर १९८६

चि. विशाखास बाबाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तू सुट्टी संपवून चंद्रपूरले गेली अन् तुझ्या मायनं गादी उन्हात टाकली, तं खालून पुस्तक निघालं. ‘चांदणवनाचा राजपुत्र’. वर एक पोट्टी, तिच्या मागं वाघ, अन् वाघाच्या डोक्यावर मुकुट. डी.एड.ले आता हे शिकवतात का बाई?

फेकूनच देणार होतो. मंग राईस मिलमध्ये इंजिनापाशी बसून दोन पानं पायलो, अन् चार दिवसांत पुस्तक संपलं. खोटं कायले बोलू, त्यातली पोट्टी तारा पुरातून नदी पार करते ते मस्त लिहिलं आहे. ते वाचता वाचता इंजिन तापलं अन् शेठनं मले सगळ्यांसमोर झापलं. पण बाकीचं? राजपुत्र दिवसा वाघ, राती माणूस. तो वाघ झाडावर चढून झोपते, अन् तिकडे श्रावणात मोहफुलं पडतात! लिहिणाऱ्यानं वाघ कॅलेंडरावरच पायला असंन. अन् तो राजपुत्र तं मले पहिल्यापासून पटला नाई. गाव सांगत नाई, बापाचं नाव सांगत नाई, पोरीच्या घरी येऊन घोटभर पाणी पेत नाई. येते तं अंधारात. असा माणूस चोर नाई तं काय? अन् तारा एवढी मोठी पोरगी, त्याले एक प्रश्न विचारत नाई.

म्हणून मी विचारतो. हे पुस्तक तुले कोणं देलं? गादीखाली काऊन ठेवलं? गडचिरोलीचे पाहुणे तुले पाहाले येतो म्हणून राह्यले, मुलगा कचेरीत आहे. पोरीची एप्रिलात परीक्षा आहे, थांबा, असं मी त्याईले सांगितलो. पण पोरीच्या डोक्यात असले राजपुत्र फिरत असतील तं थांबून उपयोग काय? शिक्षण बंद अन् सरळ लग्न. नीट विचार करून लिहिजो.

तुझ्या मायचा खोकला बरा आहे. माया आहेच, संशयही आहे.

तुझा बाबा
वामनराव

---

चंद्रपूर,
२२ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप बाबांस, सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. पुस्तक वसतिगृहातल्या इंदुताईचं आहे, आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी वाचलं. गादीखाली ठेवलं कारण तुम्ही ओरडाल हे ठाऊक होतं, आणि तुम्ही ओरडलातच.

मलाही ते सगळं आवडलं असं नाही. वाघ झाडावर झोपतो तिथं मीही कपाळावर हात मारला. तारा शेवटी राज्य मिळालं म्हणून शाळा सोडते, त्याचा तर मला रागच आला. पण एक जागा फार आवडली. राजपुत्र लाकडाची फणी कोरून तिला देतो आणि बदल्यात काहीच मागत नाही. किती साधी भेट ना बाबा? ते पान मी दोनदा वाचलं.

पाहुण्यांना कृपा करून एप्रिलपर्यंत थांबवा. मास्तरीण होईन तेव्हा पहिल्या पगाराचं लुगडं आईला. आईला सांगा, अडुळसा विसरू नको.

तुमच्या विश्वासाची वाट पाहणारी,
विशाखा

---

मूल,
२७ नोव्हेंबर १९८६

चि. विशाखास अनेक आशीर्वाद व जयभीम.

इंदुताईचं पुस्तक आहे म्हणतेस तं मानतो, अर्धं.

तुले आवडलं तेच पान सगळ्यात खोटं आहे. साधी भेट म्हणे! मी तीन हंगाम एटापल्लीकडे तेंदूपत्त्याच्या फडीवर पानांचे पुडे मोजाले मुन्शी होतो, मले माहीत आहे. तिकडच्या माडिया लोकांत पोट्टा आपल्या हातानं फणी कोरते अन् मनात असंन त्या पोरीले देते. पोरीनं ती केसात खोवली का गोष्ट झाली. बोलाचं काम नाई. घरचेही पाहून समजून जातात. अन् हा लिहिणारा म्हणते, फणीनं केसांचा गुंता सुटते! अरे बापा, गुंता तं तिथूनच सुरू होते. ज्याले जंगलातलं कायी समजत नाई त्यानं जंगलावर लिहू नये.

पाहुण्याईले माघ पौर्णिमेपर्यंत थांबवलो आहे. त्याच्या पुढं नाई सांगत.

आशीर्वाद देणारा
तुझा बाबा

---

चंद्रपूर,
१ डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप बाबांस, सविनय जयभीम वि. वि.

इथं सगळं ठीक. थंडी वाढली आहे.

त्या पुस्तकाबद्दल एक विचारायचं राहिलं. ताराला तो रिवाज माहीतच नव्हता. तिला वाटलं, अभ्यासात मदत केली म्हणून दिली. तिनं ती केसात खोवली, त्याच्या आईनं पाहिलं, हसली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. तर अशा वेळी तिकडचे लोक ती गोष्ट झाली असं धरतात का? मुलीला माहीत नसलं तरी? पुस्तक नीट समजावं म्हणून विचारते. उलट टपाली कळवा.

तुमची
विशाखा

---

मूल,
५ डिसेंबर १९८६

विशाखास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं अन् मी पुस्तक पुन्हा उघडलो. राजपुत्राले मायच नाई. ते पाचव्याच पानावर मरून जाते. मंग हे हसणारी, गालावरून हात फिरवणारी माय कुठून आली? अन् राजपुत्राचा अभ्यास तारा कधी घेत होती?

बापाले एवढा भोळा समजू नको. तुमची खेड्यातल्या सराव पाठांची सहल एटापल्लीकडेच गेली होती, हे मले आता आठवून राह्यलं. तुझी माय म्हणते का दिवाळीत तुझ्या पेटीत तिले लाकडाची फणी दिसली होती. तिले वाटलं, बाजारातली असंन.

तू विचारलं म्हणून सांगतो. माहीत नसताना घेतली असंन तं परत करता येते, कोणी नाव ठेवत नाई. पण माहीत झाल्यावरही ठेवून घेतली, तं तोच होकार. आता तुले माहीत झालं आहे.

पुढच्या रविवारी मी चंद्रपूरले येतो. सामान बांधून ठेव. जो माणूस माझ्या दारात दिवसाउजेडी आला नाई, त्याच्यासाठी मी पाहुणे थांबवून ठेवणार नाई.

बाबा

---

चंद्रपूर,
९ डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप बाबांस, सविनय जयभीम वि. वि.

माझं चुकलं, पुस्तकाच्या आड लपून विचारलं. नाव चैतू. आमच्याच वर्गात आहे. त्याचं मराठी व्याकरण कच्चं, ते मी शिकवलं. सहलीत आम्ही त्याच्या गावी राहिलो, त्याच्या आईनं, बुधरीबाईंनी, आम्हा सगळ्या मुलींना जेवू घातलं. तिथंच त्यानं फणी दिली. मी लगेच खोवली. खरंच सांगते बाबा, मला काही माहीत नव्हतं. तुमच्या पत्रातूनच कळलं.

काल मी त्याला विचारलं. त्याला वाटत होतं की मी सगळं समजून हो म्हटलं आहे. तसं नाही, हे मी त्याला सांगितलं. तुमचं दिवसाउजेडीचं वाक्यही मी त्याला वाचून दाखवलं. तुम्ही येऊ नका, तो रविवारी तिकडे येतो म्हणाला.

तो आपल्यातला नाही, हे तुमच्या मनात येईलच. पण विहारात माणूस सारा एक म्हणून बोलायला तुम्हीच उभे राहता, आणि मी पुढं बसून टाळ्या वाजवते. फणी अजून माझ्या पेटीत आहे. परत करावी का, ते कळत नाही. शिक्षण मात्र बंद करू नका, हात जोडते.

विशाखा

---

मूल,
१५ डिसेंबर १९८६

चि. विशाखास अनेक आशीर्वाद व जयभीम.

काल तो आला. दुपारच्या गाडीनं, भर उन्हात. मी मुद्दामच आत ये म्हटलो नाई. दारातच उभं राहून त्यानं आपलं नाव, बापाचं नाव, गाव सांगितलं. सूरजागडच्या पायथ्याशी धानाचं शेत आहे म्हणे. मंग तुझ्या मायलेच राहवलं नाई. पाणी देलं, भात अन् वांग्याची भाजी वाढली. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. मी समोर बसून नुसता पाहून राह्यलो होतो, पोट्टा आता गयावया करते का भांडते.

त्यानं दोन्ही केलं नाई. म्हणे, तिच्याकडून माझी फणी परत घेऊन द्या. मी चाटच पडलो. म्हणे, आमच्याकडच्या पोरीले सांगा लागत नाई, म्हणून हिलेही सांगावं हे ध्यानातच आलं नाई. न सांगता घेतलेलं उत्तर मले नको. मी मागितली तं ती देते का नाई माहीत नाई, म्हणून तुमच्याकडे आलो. परीक्षा झाली का अर्थ सांगून विचारीन. तिनं नाई म्हटलं, तं फणी आमच्या चुलीत घालीन.

तुझ्या मायनं डोळ्याले पदर लावला. मी पुस्तक चाळून पायलो, त्या मुकुटवाल्या राजपुत्राले हे एकदाही सुचलं नाई.

गडचिरोलीच्या पाहुण्याईले नको म्हणून कळवून टाकलो. तू परीक्षा दे. पण खुश होऊन नाचू नको. मी त्याले अजून जावई म्हणून पायलो नाई, माणूस म्हणूनच पाहून राह्यलो, अन् एका जेवणानं माणूस समजत नाई. विहारातल्या टाळ्यांचं लिहिलं ते मनाले लागलं. लागाले पायजे होतं.

फणी माझ्याकडे पाठव. एप्रिलपर्यंत मी सांभाळतो.

तुझा, थोडासा संशय अजून बाकी असलेला,
बाबा

---

चंद्रपूर,
१९ डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप बाबांस, सविनय जयभीम वि. वि.

फणी आज पार्सलनं पाठवली. कापसात गुंडाळली आहे, उघडताना दात मोडू देऊ नका. टपालखिडकीवर हातातून सुटता सुटत नव्हती.

त्याला यातलं काही कळवू नका, त्यानं विचारायचं ते विचारू दे. मात्र आईला सांगा, ती नीट जपून ठेव. ती चुलीत जाणार नाही.

आता अर्थ माहीत असलेली,
तुमची विशाखा