पत्रिकेवर शिक्का नाही, बाबा

प्रिय बाबा,

आज छापखान्यातून माझ्या लग्नाच्या पत्रिका आल्या. ओल्या शाईचा वास आला आणि वाटलं, तुम्हीच दारात उभे आहात! कुणाशी बोलू? म्हणून लिहायला बसले.

ताईच्या लग्नाची पत्रिका आठवते? गोवा सोडून आपण नुकते चिंचवडला आलो होतो. तिकडं लग्नाची पत्रिकासुद्धा पोर्तुगीज साहेबानं वाचून शिक्का मारल्याशिवाय छापता येत नसे. जन्मभर छपाई केलेले तुम्ही, इथंही कोट चढवून मसुदा घेऊन चौकीत गेलात!

“अवो, लगीन तुमच्या पोरीचं, आमी कशापायी शिक्का मारू?” हवालदारकाका म्हणाले. “जेवायला बोलवा की!”

घरी येऊन हे सांगताना तुम्ही हसता हसता रडलात.

तरीही वसंतदादाचं नाव पत्रिकेत घातलं नाहीत. का हो, विचारलं तर म्हणालात, “पहिली पत्रिका कुलदेवीची, आणि देवी गोव्यात. वाटेत साहेब वाचणार. पत्रकं चिकटवली म्हणून पोर तिथं तुरुंगात आहे, नाव दिसलं तर पुन्हा मार खाईल.” ताई किती रुसली होती! सख्खा भाऊ, आणि पत्रिकेत नाही.

तिकडचा रेडिओ रोज सांगायचा, गोव्यात सगळं शांत आहे. “तोंडं बांधल्यावर शांतच असणार!” तुम्ही म्हणायचात, पण आधी खिडकी लावून. चिंचवडात! मी चिडायचे. आता खिडकी दिवसभर उघडी असते आणि ती लावायला उठणारं कुणी नाही. फार आठवण येते हो.

दादाची वाट बघतच तुम्ही गेलात. तो अजून सुटला नाही. पण या पत्रिकेत निमंत्रक म्हणून, तुमच्या जागी, त्याचंच नाव आहे. घरी आलेल्या हवालदारकाकांनी वाचून विचारलं, “ह्यो वसंत कुठं आसतो?” मी उघड्या खिडकीशी उभं राहून मोठ्यानं सांगितलं, “गोव्यात, तुरुंगात!” आई घाबरली. “अगं, मग देवीला कशी पाठवायची?”

पाठवत नाही. एक मोरयाच्या देवळात ठेवली. देवीची ट्रंकेत आहे, तुमच्या कोटाच्या घडीत.

बाबा, ती कुठल्याही साहेबाच्या हाती पडणार नाही. दादा सुटला की आम्ही दोघं ती स्वतः नेऊन देवीच्या पायाशी ठेवू. तोवर माझी पोरं शाळेत जायला लागली तरी चालेल. लग्नाचं आमंत्रण उशिरा आलं म्हणून देवी रागवायची नाही.

तुमची धाकटी,
शालू