दोन बोटं शिवलेला हातमोजा

लंडन, ६ एप्रिल १९६५

ती. विनीमावशीस,
हेस्टरचा सा. न. वि. वि.

जॅमची बरणी न फुटता पोचली. आमच्या हेरपटाचं काम जोरात आहे. मी कपडेपटात नवेकोरे ओव्हरकोट घासून जुने करत बसते. मूळ कादंबरी तू अर्ध्यावर टाकलीस, पण सिनेमात एक प्रसंग नवा आलाय. लाइपझिगच्या स्टेशनामागे छत्र्या दुरुस्त करणारी एक बाई. डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. आपल्या माणसांचे निरोप ती छत्रीच्या मुठीत घालून पाठवते. लेखक कॅथकार्टसाहेबांनी हे जेवताना दिग्दर्शकांना सांगितलं. मिसेस ऑर्डवे ती बाई करणार. त्यांच्यासाठी मी दोन बोटं आत दुमडून हातमोजा शिवला, सगळ्यांनी वाखाणला. चित्रण पुढच्या बुधवारी.

तू जर्मनीत फौजेच्या कचेरीत होतीस ना? असलं काही पाहिलंस, की नुसता टाइपरायटर बडवलास?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी हेस्टर

व्हिटबी, ८ एप्रिल

चि. हेस्टरला अनेक आशीर्वाद.

ती बाई खरी आहे. मी टायपिस्ट नव्हते. याहून जास्त सांगायची मला मुभा नाही, एवढंही सांगायची नव्हती.

कॅथकार्ट तेव्हा आमच्याच कचेरीत होता. त्याला वाटत असणार, ती केव्हाच इकडे निघून आली. ती तिथेच आहे. आमच्या चर्चमध्ये गाणारी मिसेस थ्वेट मार्चमध्ये नवऱ्याबरोबर तिथल्या व्यापारी प्रदर्शनाला गेली होती. छत्रीची काडी मोडली म्हणून तिने स्टेशनामागे दुरुस्त करून घेतली. तीनच बोटांनी काय झरझर काम करते ती बाई, असं मला कौतुकाने सांगत होती.

सिनेमा तिकडचे गुप्त पोलिसही पाहतील. त्यांचं कामच ते. मग त्या दुकानाशी गाडी थांबायला कितीसा वेळ? कॅथकार्ट स्पेनला गेलाय, पत्ता कुणी देत नाही. जुन्या कचेरीला कळवलं, तर चौकशीला महिना लागेल म्हणाले. बुधवार सहा दिवसांवर आहे.

पोरी, काहीही करून तो प्रसंग थांबव. मात्र बाई खरी आहे हे कुणाला सांगू नकोस. तीच बातमी होईल. हे पत्र शेगडीत टाक.

काळजीत असलेली,
तुझी मावशी

लंडन, १५ एप्रिल

ती. मावशीस सा. न.

पत्र जाळलं. दिग्दर्शक प्रेंटिसना म्हटलं, प्रसंग खोटा वाटतो. ते हसले आणि म्हणाले, तू बटणं सांभाळ.

काल सकाळी मिसेस ऑर्डवे कपडे घालायला आल्या. मी त्यांच्या हातात मोजा चढवला, तो उगाच दोनदा सारखा केला. शेवटी म्हणाले, “कारण मला सांगता येणार नाही, पण हे काम तुम्ही करू नका.” त्यांचा भाऊ युद्धात गुप्त कामगिरीवर फ्रान्समध्ये विमानातून उडी घेऊन उतरला, तो परतला नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी काहीही विचारलं नाही. मोजा काढून माझ्या हातात दिला, बाहेर जाऊन प्रेंटिसना सांगितलं की मला जमणार नाही, आणि घरी गेल्या.

फार आरडाओरडा झाला. छत्री दुरुस्त करायला त्या तीन आठवडे शिकल्या होत्या. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. म्हणून गर्दीतल्या एका म्हाताऱ्याला उभं करून वर्तमानपत्रं विकायला लावली. नटीला मी बिथरवलं असा ठपका ठेवून मला काढलं. पण मावशी, मिसेस ऑर्डवेंना पुन्हा काम देतील ना? आणि संकलनात प्रेंटिस काही नवं घुसवणार नाहीत कशावरून?

तुझी
हेस्टर

व्हिटबी, ३ डिसेंबर

चि. हेस्टर, अनेक आशीर्वाद.

लीड्सच्या नाटक कंपनीत रुळलीस, मिसेस ऑर्डवेही तिथेच आहेत, हे वाचून मन थोडं हलकं झालं. सिनेमा इथे लागल्यापासून मी त्या रस्त्याने जाणंही टाळत होते. काल दुपारी धीर करून गेले. तिकीटवाली म्हणाली, हेरांच्या भानगडी तुम्हाला झेपायच्या नाहीत हो.

स्टेशन आलं तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरले. म्हातारा पेपर देतो, नायक सुटे पैसे मोजतो, निघून जातो. पुढच्या रांगेतला माणूस जांभई देत म्हणाला, इथे उगाच रेंगाळवलंय. मी रुमाल तोंडाशी धरून रडले. शेजारणीने टॉफी पुढे केली, म्हणाली, अजून कुणी मेलंसुद्धा नाही, बाई.

मी म्हटलं, हो ना.

तुझ्या उपकारांखाली सुखाने दबलेली,
विनीमावशी