तिसरी फुंकर

डर्बन, गुरुवार

धाकटी बहीण फिकिले हिला थोरलीचे आशीर्वाद.

मी बरी आहे. क्षय गेला. एचआयव्हीच्या गोळ्या चुकवत नाही, जेवणही जातं.

आज फुप्फुसांची तपासणी झाली. नळीत जोरात फुंकायचं असतं. दोनदा चुकलं. चाळीस वर्षं चर्चच्या गायनात श्वास पुरवून वापरायची सवय, तशीच हवा हळूहळू सोडत राहिले.

"आजी, प्रार्थना नाही म्हणायची! सगळी हवा एकदम सोडा," नर्स ओरडली.

"आजी कोणाला म्हणतेस? मी मुख्याध्यापिका होते."

"मग बाई, पास होऊन दाखवा."

तिसऱ्यांदा जमलं. फुप्फुसं पंचावन्न टक्के चालतात. क्षयाचे व्रण आता भरून येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या शाळेत पंचावन्नाला पास करत असू, तेव्हा रडत बसू नकोस.

आईचा खोकला कसा आहे? चूल अजून घरातच पेटवतेस का? बाहेर काढ.

ईस्टरला येते. चर्चमधल्या शेवटच्या गीतातली ती लांब ओळ मी एका श्वासात म्हणायचे, ती तुझ्या लेकीला, लिंडिवेला, आतापासून शिकव. मी पुढच्या बाकावर बसून ऐकेन. मध्येच श्वास घेतला तर तिला काही बोलणार नाही.

तुझी,
झोडवा